वाहन चालवताना मोबाईल वापरणाऱ्यांवरील कारवाई टिकावी म्हणून: सीमाभागातील रहदारी कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शन

हेल्मेट नसलेला दुचाकीस्वार बेळगावच्या चन्नम्मा सर्कलमध्ये उभ्या असलेल्या पोलिसाला लांबूनच दिसतो आणि शिट्टी वाजल्यानंतरही त्याच्या डोक्यावर हेल्मेट आलेले नसते. मोबाईलवर संदेश टाईप करणाऱ्याचे तसे नाही. पोलिसाची नजर आपल्याकडे वळली हे लक्षात येताच मोबाईल खिशात जातो, कारमधला मोबाईल मांडीवरून सीटच्या फटीत सरकतो आणि वाहन थांबेपर्यंत गुन्ह्याची कोणतीही खूण शिल्लक राहत नाही. मग रस्त्यावर फक्त दोन विधाने उरतात: "मी पाहिले" हे पोलिसाचे आणि "मी वापरतच नव्हतो" हे चालकाचे. बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी भागातील न्यायालयांत वकिली करताना अशी प्रकरणे पाहून माझे ठाम मत झाले आहे की या कायद्याची अंमलबजावणी दंडाची रक्कम कमी पडते म्हणून अडत नाही, तर पाहिलेली गोष्ट त्याच क्षणी नेमक्या शब्दांत नोंदवली जात नाही म्हणून अडते. रहदारी बंदोबस्तावर नव्याने रुजू होणारे पोलीस कर्मचारी आणि त्यांच्या मदतीला येणारे गृहरक्षक यांच्यासाठी पुढील सूचना लिहीत आहे. सर्वसामान्य वाहनचालकालाही आपल्यावर होणारी कारवाई नियमाला धरून आहे की नाही, हे त्यावरून समजू शकेल.

कायदा नेमके काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्याची शिक्षा सांगितली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाला जोडलेल्या स्पष्टीकरणात, वाहन चालवताना हातात धरून वापरायच्या संपर्क साधनाचा वापर करणे याचा उल्लेख आला आणि ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आली. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मोबाईल वापराच्या बाबतीत कलम २०० खाली जागेवर तडजोड शुल्क घेऊन प्रकरण मिटवता येते आणि ते शुल्क किती असावे हे प्रत्येक राज्य सरकार आपल्या अधिसूचनेने ठरवते. सीमाभागात याचा रोज अनुभव येतो. कोगनोळीच्या पलीकडे कागलला किंवा बाचीच्या पलीकडे शिनोळीला पोहोचलेला चालक महाराष्ट्राच्या दराच्या अखत्यारीत असतो, अलीकडे तो कर्नाटकाच्या दराच्या अखत्यारीत असतो, आणि दोन राज्यांतील रकमांची तुलना करत तो रस्त्यातच वाद घालू लागतो. त्यामुळे चालू अधिसूचनेची प्रत जवळ ठेवावी आणि तोंडी रक्कम सांगण्यापेक्षा छापील ओळ दाखवावी, म्हणजे वाद तिथेच थांबतो. तडजोड शुल्क घेण्याचा अधिकार अधिसूचनेत नमूद केलेल्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यालाच असतो, हेही विसरू नये. शिपायाने किंवा गृहरक्षकाने पैशांना हात लावू नये.

कायद्याचा भर "हातात धरून" या शब्दांवर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २१ मध्ये केलेल्या आणि १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, असे साधन वाहन चालवताना केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाची एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीने वापरता येते. पुण्याहून गोव्याला निघालेला आणि चोर्ला घाटाची वाट नकाशावर शोधणारा पर्यटक आपल्यासमोर हेच उत्तर देतो, आणि मोबाईल डॅशबोर्डवरच्या स्टँडला लावलेला असेल तर त्याचे उत्तर योग्यही असते. तोच मोबाईल डाव्या हातात धरून, अंगठ्याने पत्ता टाईप करत तो गाडी चालवत असेल, तर एकाग्रता ढळणार नाही ही अट तो मोडत आहे. मात्र हा फरक दूरवरून सांगता येत नाही. म्हणून नकाशाचा बचाव येणार हे गृहीत धरून, हात कुठे होता आणि नजर कुठे होती, याची नोंद आधीच करून ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. नियम १३९ प्रमाणे चालक आपली कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवू शकतो, त्यामुळे थांबवलेला माणूस डिजिलॉकर उघडण्यासाठी खिशातून मोबाईल काढतो. तपासणीच्या गर्दीत, थांबल्यानंतर मोबाईल काढलेल्यावर वाहन चालवताना मोबाईल वापरल्याचा ठपका येण्याची शक्यता असते. एका निरपराध माणसावर झालेली अशी कारवाई गावभर सांगितली जाते आणि पुढच्या दहा खऱ्या कारवायांवरचा विश्वास घालवते. सिग्नलला किंवा टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापाशी इंजिन बंद करून उभ्या असलेल्यांच्या बाबतीतही घाई करू नये, असे माझे मत आहे. फाटक उघडल्यानंतर मोबाईल हातातच ठेवून पुढे निघणाऱ्याकडे लक्ष द्यावे, कारण तिथे गुन्ह्याबद्दल शंकेला जागा राहत नाही.

उभे कुठे राहायचे

चौकाच्या मध्यभागी उभा असलेला गणवेशधारी पोलीस सर्वांना दिसतो, म्हणूनच त्याला हा गुन्हा सर्वांत कमी दिसतो. चौकाजवळ येताना चालक मोबाईल खाली ठेवतात आणि चौक ओलांडून शंभर-दीडशे मीटर गेल्यावर अर्धवट राहिलेला संदेश पूर्ण करतात. काँग्रेस रोड किंवा खानापूर रोडसारख्या सरळ रस्त्यावर हे हमखास घडते. तेव्हा दोघांनी मिळून काम करावे. एकाने रस्त्याच्या कडेला, वाहनांच्या डाव्या बाजूला, शक्य असेल तर पदपथासारख्या थोड्या उंच जागी उभे राहून पाहावे. दुसऱ्याने पुढे, वाहन सुरक्षितपणे बाजूला घेता येईल अशा ठिकाणी थांबावे. पाहणाऱ्याने वॉकी-टॉकीवर वाहनाचा क्रमांक, रंग आणि चालकाचे वर्णन कळवावे. बस, ट्रक आणि उसाच्या ट्रॅक्टरचा चालक उंचावर बसतो, त्याचे हात रस्त्याच्या पातळीवरून दिसत नाहीत. तिथे उंच जागा नसेल, तर नुसत्या संशयावरून कारवाई करू नये.

या पद्धतीत एक चूक वारंवार होते. ज्याने थांबवले तोच चलनावर साक्षीदार होतो आणि ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याचे नाव कुठेच येत नाही. चालकाने न्यायालयात जायचे ठरवले, तर थांबवणाऱ्या कर्मचाऱ्याला पहिल्याच प्रश्नाला "मी स्वतः पाहिले नाही, मला कळवण्यात आले" असे सांगावे लागते आणि प्रकरण तिथेच संपते. पाहणाऱ्याचे नाव, त्याची उभे राहण्याची जागा आणि त्याने कळवल्याची वेळ यांची नोंद प्रत्येक प्रकरणात हवीच.

महामार्गावर परिस्थिती वेगळी असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते, म्हणजे पाच सेकंद मोबाईलकडे पाहणारा चालक शंभर मीटरहून अधिक अंतर जवळजवळ डोळे मिटून कापतो. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, विशेषतः तवंदी आणि वंटमुरी घाटांच्या वळणांवर, याचा परिणाम काय होतो हे वेगळे सांगायला नको. पण अशा वाहनासमोर अचानक उडी घेणे किंवा दुचाकीवरून त्याचा पाठलाग करणे हे मूळ गुन्ह्याहून अधिक घातक ठरू शकते. वाहनाचा क्रमांक पुढे कळवून कोगनोळी किंवा हत्तरगीच्या टोलनाक्यावर, जिथे वाहन आपोआप मंदावते, तिथे थांबवणे सुरक्षित असते. वाहन त्या बाजूला गेलेच नाही, तर ते सोडून द्यावे. एका चलनापेक्षा कर्मचाऱ्याचा जीव मोलाचा आहे, हे वरिष्ठांनीही कनिष्ठांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

जांबोटीच्या पुढे जंगलात मोबाईलचे नेटवर्क तुटक असते आणि चलनाचे यंत्र वेळेवर चालत नाही. पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील मुसळधार पावसात रेनकोटखाली धरलेला मोबाईल दिसतही नाही. अशा वेळी कागदी नोंदवहीला पर्याय नाही.

नोंद कशी लिहावी

बहुतेक नोंदी "चालक वाहन चालवताना मोबाईल वापरत होता" एवढ्या एकाच वाक्याच्या असतात. हे वाक्य म्हणजे निष्कर्ष आहे, त्यात निरीक्षण काहीच नाही. चार महिन्यांनी साक्षीच्या वेळी वकील विचारतो की मोबाईल कोणत्या हातात होता, रंग कोणता होता, तुम्ही किती अंतरावर होता, सूर्य समोर होता की पाठीमागे, मध्ये दुसरे वाहन होते का. त्या दिवसभरात शेकडो वाहने पाहिलेल्या कर्मचाऱ्याला हे आठवणे शक्य नसते. त्याने अंदाजाने उत्तर दिले की उलटतपासणीत ते खोटे ठरवले जाते, आणि "आठवत नाही" म्हटले की संशयाचा फायदा चालकाला मिळतो.

त्याऐवजी नोंद अशी असावी: "सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी, गोगटे सर्कलकडून आरपीडी क्रॉसकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डाव्या पदपथावर उभा असताना, सुमारे पंधरा मीटर अंतरावरून पाहिले. दुचाकीस्वाराचा उजवा हात हँडलवर होता. डाव्या हातात काळ्या आवरणाचा मोबाईल छातीच्या उंचीवर धरलेला होता, स्क्रीन उजळलेली होती आणि अंगठा स्क्रीनवर हलत होता. नजर खाली होती. वाहन माझ्यासमोरून पुढे जाईपर्यंत, अंदाजे चार सेकंद, हीच स्थिती होती. उजेड पुरेसा होता आणि मध्ये दुसरे वाहन नव्हते." एवढे लिहायला दोन मिनिटे लागतात. दिवसाला चाळीस चलने करण्याचा दबाव असलेल्या कर्मचाऱ्याला ही दोन मिनिटे परवडत नाहीत, याची मला जाणीव आहे. तरीही उलटतपासणीत कोसळणाऱ्या चाळीस प्रकरणांपेक्षा अशा नोंदीची बारा प्रकरणे या कायद्याचा धाक अधिक टिकवतील, आणि म्हणूनच वरिष्ठांनी केवळ संख्येवरून कामाचे मूल्यमापन करू नये.

दिसले नाही ते लिहू नये. मोबाईल कानाशी होता की हातात होता, चालक बोलत होता की टाईप करत होता, यांपैकी जे खात्रीने पाहिले तेवढेच लिहावे. हेल्मेटमध्ये खोचलेला मोबाईल, खिशातल्या मोबाईलला जोडलेला कानातला इयरफोन आणि ब्लूटूथ यांबाबत "हातात धरून" या शब्दांवर न्यायालयात युक्तिवाद होणारच. अशा ठिकाणी निरीक्षण पूर्ण लिहून निर्णय अधिकाऱ्यावर सोडावा.

शरीरावर लावायचा कॅमेरा उपलब्ध असेल तर तो बंदोबस्ताच्या सुरुवातीलाच चालू करावा, वाहन थांबवल्यानंतर नव्हे, कारण तोपर्यंत मोबाईल खिशात गेलेला असतो आणि चित्रीकरणात फक्त वादच उरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ मध्ये अशा कॅमेऱ्यांसह इलेक्ट्रॉनिक साधनांच्या वापराची पद्धत घालून दिली आहे. साधनाला मान्यता प्रमाणपत्र असावे लागते, गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी लागते आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत चित्रीकरण जपून ठेवावे लागते. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. या कारणांमुळे स्वतःच्या खासगी मोबाईलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्रावर सगळी भिस्त ठेवू नये.

क्रमांकपट्टीकडेही लक्ष द्यावे. देवनागरी अंकांत किंवा नक्षीदार अक्षरांत रंगवलेली पाटी आपल्या भागात कौतुकाने लावली जाते, पण ती नियमाला धरून नाही आणि कॅमेऱ्याला ती वाचता येत नाही. अशा वेळी वाहनाचे वर्णन अधिक तपशिलाने लिहावे.

मोबाईल हातात घेऊन तपासू नये

"टाईप करत नव्हतास तर व्हॉट्सॲप उघडून दाखव" असे चालकाला सांगण्याचा मोह आवरावा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात सांगितले. मोबाईलची झडती आणि पासवर्ड यांबाबत कायद्याने ठरलेली प्रक्रिया पाळली पाहिजे, हे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली वीरेंद्र खन्ना प्रकरणात स्पष्ट केले. साध्या चलनासाठी त्या मोबाईलमध्ये काय आहे हे पाहण्याची गरजच नसते. चालत्या वाहनावर तो हातात धरून वापरणे हाच गुन्हा आहे, मग संदेश कोणाला पाठवला जात होता याने काय फरक पडतो?

गंभीर किंवा प्राणघातक अपघातात मात्र मोबाईल हा महत्त्वाचा पुरावा असतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. घटनास्थळी प्रथम पोहोचलेल्या कर्मचाऱ्याने मोबाईल कुठे पडला होता, स्क्रीन चालू होती की बंद, हे लिहावे, त्याच जागी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि तो चालू-बंद करण्याचा प्रयत्न न करता तपास अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावा. जप्ती आणि तिचे दृकश्राव्य चित्रीकरण तपास अधिकारी करतील. अपघाताची वेळ शक्य तितकी अचूक नोंदवणे हे पहिल्या कर्मचाऱ्याचे सर्वांत मोठे काम आहे. मोबाईल कंपनीकडून मिळणाऱ्या कॉलच्या नोंदीत कॉल आणि साध्या संदेशांच्या वेळा असतात, परंतु इंटरनेटवरून पाठवलेल्या संदेशाचा मजकूर त्यात नसतो. पंचनाम्यात "सायंकाळी सातच्या सुमारास" असे लिहिले असेल, तर सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांचा कॉल अपघाताआधीचा की नंतर मदतीसाठी केलेला, हे कोणालाच ठरवता येत नाही. प्रत्यक्षदर्शीने मोबाईलचा उल्लेख केला असेल, तर अपघाताच्या ऑनलाईन नोंदीतही तो उल्लेख यावा. तो वगळला, तर मोबाईलमुळे झालेले अपघात आकडेवारीत अतिवेगाच्या नावावर जमा होतात आणि उपाय भलत्याच ठिकाणी केले जातात.

रस्त्यावरचे बोलणे

सीमाभागात चलनाची पावती कन्नडमध्ये, चालक मराठी आणि कर्मचारी कधी विजयपुरा किंवा कलबुर्गीहून बदलून आलेला, असे घडते. चालकाला आपल्यावर काय आरोप आहे हेच कळले नाही, तर मोबाईलचा विषय बाजूला राहतो, भाषेचा वाद सुरू होतो आणि पाहता पाहता गर्दी जमते. मराठी येणाऱ्या कर्मचाऱ्याने अशा वेळी पुढे यावे आणि सही घेण्यापूर्वी पावतीवर काय लिहिले आहे ते शांतपणे वाचून सांगावे: "आपण चालत्या गाडीवर डाव्या हातात मोबाईल धरून टाईप करताना मी पाहिले. हे कलम १८४ खाली येते. शुल्क भरायचे की न्यायालयात बाजू मांडायची, हे आपण ठरवा." कॉलेजच्या मुलालाही अरे-तुरे करू नये. वयस्कर माणसाला "काका", बाईला "ताई" म्हटल्याने कायदा सौम्य होत नाही, पण आवाज खाली येतात. बंदोबस्ताच्या जोडीत एक मराठी आणि एक कन्नड बोलणारा कर्मचारी ठेवता आला, तर यातील बहुतेक ताण निर्माणच होणार नाही.

थांबवल्यावर अनेकजण ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावतात आणि तोच मोबाईल "साहेबांशी बोला" म्हणून पोलिसाच्या हातात देऊ पाहतात. तो घेऊ नये. "त्यांना पोलीस स्थानकात अधिकाऱ्यांशी बोलू द्या" असे सांगून नोंद पूर्ण करावी. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलांची अडचण खरी असते, कारण पुढचा पत्ता मोबाईलवरच येतो. त्यांना हँडलवर स्टँड बसवायला आणि वाहन थांबवूनच स्क्रीनला हात लावायला सांगावे, पण चालत्या वाहनावर टाईप करण्याची सवलत त्यांनाही देता येणार नाही.

आपल्याच खात्यातील माणूस मोबाईल कानाला लावून जाताना दिसला, तर त्यालाही थांबवावे. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यानेच हा गुन्हा केला, तर कलम २१०ब प्रमाणे त्याला दुप्पट दंड आहे. लोक सर्वांत आधी हेच पाहत असतात. गणवेशातल्या दुचाकीस्वाराला सोडून दिल्याचे एक चित्रीकरण गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरले, की त्यानंतर प्रत्येक चालक तेच तोंडावर फेकतो.

चालकाने शुल्क भरण्यास नकार दिला तर

नकार हा त्याचा हक्क आहे, त्यावरून चिडू नये आणि वाहनाची किल्ली काढून घेऊ नये. लायसन्स कलम २०६ खाली ताब्यात घेतल्यास त्याची पोचपावती द्यावी. ते परिवहन खात्याकडे पाठवताना निरीक्षणाची प्रत जोडावी, कारण कलम १९ खाली निलंबनाचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तेवढाच आधार असतो. मोबाईल वापरणाऱ्यांचे लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली राज्यांना सांगितले होते, आणि अनेक चालकांना दंडापेक्षा याचीच अधिक भीती वाटते.

बाहेरच्या राज्यातील वाहनाचा पत्ता आणि चालक तिथल्या तिथे पडताळून घ्यावा. विकलेल्या पण नावावर न केलेल्या गाडीची सूचना जुन्या मालकाकडे जाते आणि खरा चालक सापडत नाही, म्हणून चालकाचे नाव लायसन्सवरून नोंदवहीत लिहावे. बदली झाली तरी ही नोंदवही स्थानकात जमा करून तिची पोच घ्यावी, आणि न्यायालयाचे समन्स नव्या ठाण्यावर आले की साक्षीला जाण्यापूर्वी ती मागवून स्वतः लिहिलेली नोंद पुन्हा एकदा वाचावी.